आधी पाण्याला वाट: वर्थ व्हॅलीच्या रुळांवरचा जानेवारी

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये कीथली ते ऑक्सनहोप अशी वर्थ व्हॅलीतून जाणारी जेमतेम पाच मैलांची, म्हणजे आठ किलोमीटरची रेल्वे आहे. १८६७ साली ती सुरू झाली, १९६२ साली ब्रिटिश रेल्वेने बंद केली आणि २९ जून १९६८ रोजी स्थानिक लोकांनी आणि रेल्वेप्रेमींनी संस्था काढून पुन्हा चालू केली. तेव्हापासून इथली बहुतेक कामं स्वयंसेवक करतात. इंजिन चालवणं, तिकीट तपासणं ही कामं सगळ्यांना दिसतात. रुळाखालची खडी बदलणं आणि बॉयलरमधला गाळ काढणं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, कारण ते नाताळच्या गाड्या संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत होतं. माथेरानची गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज थांबते, तशी इथे गाड्यांची उसंत हिवाळ्यात मिळते.

उसंत असली तरी दिवस लहान. जानेवारीच्या सुरुवातीला उजेड व्हायला सव्वाआठ-साडेआठ वाजतात आणि चारच्या सुमारास अंधार पडतो. हातात सात तासांचं काम. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कोणतं सामान कुठे टाकून ठेवायचं हे नोव्हेंबरातच ठरलेलं असावं लागतं. या क्रमाचा एकच नियम इथे कामाला आल्यावर पहिल्यांदा शिकवतात: आधी पाण्याला वाट, मग बाकी सगळं. कुजलेला स्लीपर (रुळाखालचं आडवं लाकूड), खचलेला सांधा, तडकलेला इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं उपकरण), गंजलेला स्मोकबॉक्स (इंजिनाच्या पुढच्या टोकाची धुराची पेटी), कशाच्याही मुळाशी गेलं की अडकलेलं पाणीच सापडतं.

त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस रुळाला हातच लागत नाही. मार्ग दरीच्या कडेने जातो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओढा. डोंगराकडून उतरणारं पाणी रुळाच्या बाजूच्या चरात यावं, चरातून मोरीत आणि मोरीतून पलीकडे ओढ्यात जावं अशी जुनी रचना आहे. शरद ऋतूतली पानं या चरात कुजून काळी, घट्ट साय होते. चर साफ करताना नेहमी खालच्या टोकापासून वर जायचं. वरून सुरुवात केली तर सुटलेलं पाणी गाळ घेऊन खाली जातं आणि जिथे तुंबलं होतं तिथे आणखी घट्ट बसतं. मोरीचं तोंड उघडायचं, मग तपासणीच्या खड्ड्यांचा गाळ घमेल्याने उपसायचा, मग दोन खड्ड्यांमधल्या नळात जोडकाठ्या घालायच्या. काठ्या फिरवायच्या त्या नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट फिरवल्या की जोड उघडतो, पुढचा तुकडा नळात राहतो आणि मग तो काढायला खणावं लागतं. शेवटी वरच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून खाली किती वेळात येतं ते पाहायचं. उपसलेला गाळ चराच्या काठावर ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत येतो.

रुळावर पाय ठेवण्याआधी मार्ग रीतसर ताब्यात घ्यावा लागतो. एकेरी मार्ग आहे, आणि त्या भागाचं टोकन ज्याच्याकडे तोच त्या भागात गाडी नेऊ शकतो. कामाच्या काळात टोकन अडवून ठेवलं जातं, कामाच्या दोन्ही टोकांना लाल खूण आणि रुळावर इशाऱ्याचे तीन फटाके, एकमेकांपासून वीस-वीस मीटरवर. सकाळी मुकादम सगळ्यांना उभं करून आज कुठून कुठपर्यंत ताबा आहे, यंत्रं कोणती, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे, हे सांगतो आणि सह्या घेतो. गाडी येणारच नाही हे ठाऊक असलं तरी सामान घेऊन येणारी आपलीच वाघीण, म्हणजे मालाचा डबा, असते, आणि ती ढकलत आणलेली असली तर आवाजही करत नाही.

आता मूळ काम. भारतात आज दिसतो तो सपाट पायाचा रूळ. इथे मोठ्या भागात जुना बुलहेड रूळ आहे: वर जाड डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली पुन्हा डोक्यासारखाच गोल पाय. असा रूळ स्लीपरवर नुसता उभा राहत नाही. त्याला बिडाची बैठक लागते, तिला चेअर म्हणतात. वजन वीस किलोच्या आसपास, स्लीपरला तीन मोठ्या स्क्रूंनी बसवलेली. चेअरच्या दोन जबड्यांत रूळ बसतो आणि बाहेरच्या बाजूला रूळ आणि जबडा यांच्यामध्ये एक पाचर ठोकतात, ओक लाकडाची किंवा वळवलेल्या स्प्रिंग-पोलादाची. हीच चावी. आपल्याकडे हातोडा घेऊन रोज रूळ चालत तपासणाऱ्याला चावीवाला म्हणतात, तो शब्द याच पाचरीवरून आला. मराठी वाचकाला रेल्वेच्या कामातला एवढा एक शब्द माहीत असला तरी या कामाचं निम्मं मर्म त्याच्या हाती आहे.

साठ फुटी रूळ, म्हणजे १८.३ मीटर. दर यार्डाला पंच्याण्णव पौंड या मापाचा असेल तर एकाचं वजन सुमारे ८६० किलो. त्याखाली साधारण २४ स्लीपर. या हिशोबाने पाच मैलांत दहा हजारांवर स्लीपर होतात, बाजूच्या मार्गिका वेगळ्याच. मऊ लाकडाचा स्लीपर २५ वर्षं टिकला असं धरलं तर दरवर्षी चारशे बदलले तरच आपण जागच्या जागी राहतो. म्हणून निवड फार काटेकोर करावी लागते. चांगला स्लीपर काढला तर पैसे आणि मेहनत वाया, वाईट राहिला तर रुळांतलं अंतर वाढतं.

तपासणी हातोड्याने आणि कानाने होते. टोकाजवळ आणि चेअरच्या बाजूला ठोकायचं. घट्ट लाकूड टणकन बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. मग टोकदार सळई चेअरच्या कडेला खुपसून पाहायची, कारण पाणी तिथेच साठतं आणि वरून दिसणारी साल शाबूत असली तरी आत भुसा झालेला असतो. स्क्रूला पाना लावायचा. फिरतच राहिला, आवळलाच गेला नाही, तर भोक गेलेलं आहे. चेअरच्या पायाभोवती लाकडावर चकाकणारी पट्टी दिसली तर चेअर सरकतंय. शेवटी गेजची दांडी: दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये १४३५ मिलिमीटर असायला हवेत. जिथे हे आकडे बिघडले आहेत तिथल्या स्लीपरच्या टोकावर रंगाची खूण. लागून-लागून तीन स्लीपर वाईट असले तरी तिन्ही एकदम उघडायचे नाहीत. मधला आधी बदलायचा, त्याच्याखालची खडी घट्ट बसवून पुरी करायची, मगच शेजारचा.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम खणण्यापासून सुरू होतं. स्लीपर आठ फूट सहा इंच लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड असतो. त्याच्या एका बाजूचा गाळा, म्हणजे दोन स्लीपरमधली जागा, स्लीपरच्या तळापेक्षा दोन बोटं खोल मोकळा करायचा आणि ज्या टोकाने बाहेर ओढायचा तिकडची खडीही बाहेरपर्यंत उपसायची. यासाठी साधं फावडं वापरत नाहीत, एकमेकांच्या जवळ दाते असलेलं फावडं असतं. खडी वर येते आणि माती दात्यांमधून गळून जाते. खडी एका ढिगात, माती दुसऱ्या. हे दोन ढीग मिसळले की दिवसाच्या शेवटी माती परत रुळाखाली जाते आणि दोन वर्षांत तिथे चिखल होतो. घाईच्या दिवसांत हीच चूक सगळ्यात जास्त होते.

मग स्क्रू. तीस-चाळीस वर्षं बसलेला स्क्रू उलटा फिरवण्याआधी तो किंचित आवळून पाहायचा. त्या हिसक्याने गंजाची पकड सुटते आणि मग तो सहज येतो. थेट उलट जोर लावला तर डोकं तुटतं आणि दांडा स्लीपरमध्ये राहतो. स्लीपर टाकायचाच असल्यामुळे त्याचं दुःख नाही, पण चेअर त्यातून सोडवायला पहार घालून अर्धा तास जातो. चेअर मात्र चावीसकट रुळालाच लटकत ठेवायचं. म्हणजे शेजारच्या चांगल्या स्लीपरांनी धरलेलं अंतर बिघडत नाही आणि नवा स्लीपर खाली येताच भोकं जागेवर मिळतात. लटकलेलं चेअर तारेच्या ब्रशने घासून घ्यायचं आणि कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकांपाशी, तडा आहे का ते पाहायचं. बीड वाकत नाही, तडकतं. तडा दिसला तर चावी काढून चेअर बदलायचं, तिथे तडजोड नको.

स्लीपर बाहेर काढायला जागा दोन प्रकारे होते: रूळ जॅकने उचलून किंवा खालून जास्त खणून. नवख्याला जॅक सोपा वाटतो. पण रूळ उचलला की त्याच्याबरोबर आजूबाजूचे चार-पाच स्लीपरही उचलले जातात आणि त्यांच्याखाली मोकळी खडी घरंगळत जाते. जॅक सोडल्यावर रूळ पहिल्या पातळीवर बसतच नाही, उंचवटा राहतो. म्हणून जॅक फक्त स्लीपर सुटण्यापुरता, बोटाच्या पेरापेक्षा कमी. बाकी जागा खणून करायची. चौघं जण दोन मोठ्या चिमट्यांनी स्लीपर ओढतात. ओलं जुनं लाकूड शंभर किलोच्या घरात जातं, तेव्हा ओढणाऱ्यांपैकी एकानेच तोंडाने ताल द्यायचा. दोघांनी दिला की कुणाची तरी कंबर धरते.

खालची जुनी बैठक, म्हणजे दाबून दगडासारखी झालेली खडी, शक्य तितकी न उकरता ठेवायची. नवा स्लीपर टाकताना त्याचं टोक पाहायचं. लाकडाची वाढीची वर्तुळं पालथ्या वाटीसारखी दिसायला हवीत, म्हणजे गाभ्याकडची बाजू खाली. तसा ठेवला की वरचं पाणी निथळून जातं. उताण्या वाटीसारखा ठेवला तर तडे वर उघडतात आणि पाणी धरून बसतात. नव्या स्लीपरमध्ये भोकं चेअरमधूनच पाडायची, स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक, बरोबर मध्यावर. भोकात लाकूड टिकवण्याचं द्रव्य ओतायचं, कारण कारखान्यात मुरवलेलं द्रव्य पृष्ठभागापासून ठरावीक खोलीपर्यंतच गेलेलं असतं आणि आपण नेमकं त्याच्या पलीकडे कोरडं लाकूड उघडं केलेलं असतं. चेअरच्या भोकातली छोटी नळी, फेरूल, झिजली असेल तर नवी घालायची. ती नसली तर स्क्रू कितीही आवळला तरी चेअर हलत राहतं.

स्क्रू हातोड्याने ठोकून बसवणं हा गुन्हा समजतात. पहिले दोन आटे धरावेत म्हणून एक हलका ठोका चालतो, बाकी सगळा पान्याने. ठोकून घुसवलेला स्क्रू आटे पाडत नाही, लाकडाचे तंतू फाडतो. त्या दिवशी घट्ट दिसतो, पण फाटलेल्या तंतूंतून पाणी खाली उतरतं आणि स्लीपर आयुष्याच्या अर्ध्यावरच गळतो. आज बदललेल्या वाईट स्लीपरांपैकी बऱ्याच जणांच्या भोकात ही फाटलेली धार स्पष्ट दिसते.

चावीबद्दल थोडं सविस्तर. दुहेरी मार्गावर चावी गाडीच्या दिशेने ठोकतात, कारण रूळ गाडीबरोबर केसभर पुढे सरकत असतो आणि सरकताना चावीला आणखी घट्ट ओढतो. एकेरी, चढाच्या मार्गावर रुळाचा कल उताराकडे सरकण्याचा असतो, म्हणून तिथे मुकादम सांगेल तीच दिशा. लाकडी चावीचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ती हवामान जाणते. जानेवारीत ओलाव्याने फुगलेली असते आणि सगळं छान घट्ट वाटतं. मे-जूनमध्ये आठवडाभर कोरडं ऊन पडलं की आकसते आणि कंपनाने निसटून खडीत पडते. हिवाळ्यात चावी बसवताना जबड्यात गंज किंवा खडीचा कण राहिला तर तिचा फुगीरपणा त्या कणाला दाबत असतो, रुळाला नाही. आधी जबडा पुसायचा, मग चावी. पोलादी चावीला ही अडचण नाही, पण ती ठोकताना उडाली तर डोळा घेऊन जाईल, म्हणून चष्म्याशिवाय हातोडा उचलायचा नाही आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.

आता पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी घट्ट बसवणं. नव्या स्लीपरखाली विजेवर किंवा पेट्रोल जनित्रावर चालणारे, खडी दाबून बसवणारे हातातले टँपर वापरतो. दोघं समोरासमोर, स्लीपरच्या दोन बाजूंनी, एकाच वेळी. एकट्याने एका बाजूने केलं तर खडी दुसऱ्या बाजूने निघून जाते. पॅकिंग करायची ती रुळाच्या दोन्ही अंगांना साधारण ३८ सेंटिमीटरपर्यंत. स्लीपरचा मधला भाग मोकळा सोडायचा. मध्यभागी खडी घट्ट झाली तर गाडीचं वजन दोन टोकांवर आणि आधार मध्ये, असा स्लीपर मधोमध मोडतो. टँपर एका माणसाने दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त धरायचा नाही. कंपनाने बोटांतलं रक्त कमी होतं, आणि थंडीत ते परत यायला वेळ लागतो. बोटं पांढरी पडायला लागली की त्या दिवसापुरतं टँपर बंद. इथे ब्रिटनमध्ये कंपनाच्या मर्यादेचा कायदाच आहे आणि आम्ही मिनिटं लिहून ठेवतो.

जुन्या, चांगल्या स्लीपरखाली नुसती पोकळी झाली असेल तर टँपर लावून घट्ट बैठक मोडू नये. तिथे मोजून खडी भरण्याची जुनी पद्धत कितीतरी चांगली. आधी डोळा रुळाला लावून खळगा किती ते पाहायचं, गाडी जाताना स्लीपर किती दबतो ते मापून त्यात मिळवायचं, तेवढी बारीक खडी डब्याने मोजायची, रूळ थोडा उचलून ती पातळ फावड्याने बैठकीवर सारखी पसरायची आणि रूळ सोडायचा. आवाज नाही, कंपन नाही, आणि नीट मोजलं तर वर्षानुवर्षं टिकतं. हे शिकायला दोन हिवाळे लागतात, कारण डोळ्याला मिलिमीटर दिसायला तेवढा वेळ लागतो.

सहा-सात जणांच्या चांगल्या टोळीकडून दिवसात आठ-दहा स्लीपर होतात. पण ओली जागा लागली की हिशोब कोलमडतो. ओली जागा लांबूनच ओळखू येते: सांध्याजवळच्या स्लीपरांवर राखाडी चिखलाचे शिंतोडे वाळलेले. खालची माती पाण्याने पातळ होते, प्रत्येक चाक स्लीपर दाबतं आणि पंपासारखा चिखल वर येतो. वरून नवी खडी टाकणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. तिथे स्लीपरच्या तळाखाली आणखी वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत सगळं काढायचं, खड्ड्याचा तळ बाजूच्या चराकडे उतरता करायचा आणि चरापर्यंत पाण्याला खडीने भरलेली वाट ठेवायची. ही वाट विसरली तर आपण मार्गाखाली दगडांचं टाकं बांधलेलं असतं. एका अशा सांध्याला अख्खा दिवस गेला तरी तो लावावा. त्याखालचे नवे स्लीपरही नाहीतर पाच वर्षांत काढावे लागतात.

सांध्यांचं काम थंडीच्या दिवसांत जपून. साठ फुटी रूळ तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे सहा मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. त्यासाठीच दोन रुळांमध्ये फट असते. वर्षातून एकदा फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या, उघडून, गंज घासून, ग्रॅफाइटचं वंगण लावून बसवायच्या असतात, म्हणजे सांधा सरकू शकतो. कडक थंडीत रूळ आखडलेला असतो. दोन्ही फिशप्लेट काढल्या की तो आणखी मागे जातो आणि चार बोल्ट परत भोकात शिरत नाहीत. म्हणून दव गोठलेलं असेल त्या सकाळी फिशप्लेटला हात लावायचा नाही, आणि केव्हाही एका वेळी एकच सांधा. प्लेट निघाली की रुळाच्या टोकाची बोल्टची भोकं पुसून दिव्याने पाहायची. भोकापासून तिरके निघालेले केसासारखे तडे दिसले तर काम थांबवून निरीक्षकाला बोलवायचं. बोल्ट सगळ्या ताकदीने आवळायचे नाहीत, सांध्याला सरकायची मुभा हवी.

झाडांची छाटणी फेब्रुवारी संपेपर्यंत आटोपायला लागते. मार्चपासून पक्षी घरटी बांधतात आणि वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. रुळाकडे झुकलेली, सिग्नल झाकणारी आणि चरात पानं टाकणारी झाडं काढायची. भरावाच्या उतारावरची मुळं मात्र उपटायची नाहीत, त्यांनीच माती धरलेली असते. जपानी नॉटवीड हे तण दिसलं तर कापायचं नाही, फक्त खूण करायची. नखाएवढा तुकडा बुटाला चिकटून गेला तरी तो पुढच्या स्टेशनात उगवतो.

मार्गावर हे चालू असताना याच मार्गावरच्या हॉवर्थ स्टेशनाच्या शेडमध्ये दुसरी टोळी इंजिनांतलं पाणी काढत असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि त्या फुगण्यापुढे बीड आणि पितळ टिकत नाही. बॉयलर मोठा असल्यामुळे तो उशिरा गोठतो. आधी जातात ते इंजेक्टर, वंगणदाणी, पाण्याच्या काचेचे नळ, ब्रेकच्या नळ्या. शेवटच्या फेरीनंतर सिलिंडरचे निचरा-नळ उघडे ठेवायचे, इंजेक्टरच्या तळाचे बूच काढायचे, नळ्यांतून दाबाची हवा फुंकायची, कारण नळीच्या वळणात अडकलेलं कपभर पाणीही पुरेसं असतं. जे जे उघडं ठेवलं त्याची पाटी चालकाच्या जागी लटकवायची. मार्चमध्ये पाणी भरताना ही पाटी नसली तर शेडच्या फरशीवर सगळं वाहतं. डब्यांच्या शौचालयांच्या टाक्या आणि वाफेच्या नळांनाही हाच नियम.

बॉयलर धुण्याची पहिली अट म्हणजे धीर. आग विझवल्यावर दोन-तीन दिवस तो आपोआप निवू द्यायचा. गरम बॉयलरमध्ये थंड पाणी सोडलं तर पत्रे असमान आखडतात आणि भट्टीच्या आधारकांड्या, नळ्यांची टोकं गळायला लागतात. निवल्यावर धुण्याची बुचं आणि गाळ काढायच्या झडपा उघडायच्या. प्रत्येक बुचावर भोकाचा आकडा असतो. बूच निमुळतं असल्यामुळे ते ज्या भोकातलं त्याच भोकात नीट बसतं. मग भट्टीच्या छतापासून सुरुवात. लांब, वाकड्या तोंडाच्या नळीने जोराचं पाणी, त्याबरोबर सळईने खरवडणं, मग बाजूच्या भिंतींमधली पोकळी, शेवटी पुढची नळकांडी. वरून खाली, म्हणजे सुटलेला गाळ खालच्या झडपांतून निघून जातो. पाणी स्वच्छ आलं म्हणून थांबायचं नाही, आत दिवा आणि आरसा घालून पाहायचं. खालच्या कोपऱ्यांत, पायाच्या कड्यावर, पाण्याच्या जोराला न जुमानता राहिलेली खपली असते, आणि तिच्याखाली पत्रा थंड होत नाही. बुचं परत बसवताना आट्यांना ग्रॅफाइट लावायचं आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. पाना लागला म्हणजे आटा चुकला. वाफ भरल्यावर गळलं तर दाबाखाली बूच आवळायचं नाही. आग काढायची, निवू द्यायचं, पुन्हा बघायचं.

स्मोकबॉक्समधल्या राखेकडे दुर्लक्ष होतं. कोळशातलं गंधक त्या राखेत असतं. चिमणीतून पावसाचं पाणी आत आलं की राखेचं सौम्य आम्ल होतं आणि तळाचा पत्रा आतून खातं. राख कोरडी असतानाच कोपऱ्यांसकट काढायची, नळ्यांतून ब्रश फिरवायचा, भट्टीच्या जाळीच्या पट्ट्या काढून खालची राखही, आणि चिमणीवर झाकण. अर्ध्या दिवसाचं हे काम टाळलं तर काही वर्षांनी तळाचा पत्राच बदलावा लागतो.

बॉयलर उघडा असतानाच तपासनीस येतो. तो थंड बॉयलर आतून-बाहेरून पाहतो, भट्टीच्या छतातली शिशाची बुचं पाहतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं. छतावरचं पाणी खाली गेलं तर हीच बुचं आधी वितळतात आणि वाफ आगीवर सोडून चालकाला सावध करतात. नंतर दुसऱ्या दिवशी वाफेवरची तपासणी. पहिली आग फार सावकाश लावायची, सकाळी लावून संध्याकाळपर्यंत फक्त कोमट, दुसऱ्या दिवशी दाब. तपासनीस आपला प्रमाणित दाबमापक जोडून इंजिनाच्या मापकाशी ताडून पाहतो, दोन्ही इंजेक्टर पाणी घेतात का बघतो, आणि सुरक्षा-झडपा ठरलेल्या दाबाला उघडतात का, उघडल्यावर दाब वर चढू देतात का, हे दाबमापकावर नजर ठेवून पाहतो.

मार्गावर पहिली गाडी गेली की त्या दिवशी टोळी चेअरकडे बघत उभी असते. खुणा केलेल्या प्रत्येक नव्या स्लीपरवर चाक आलं की तो किती दबतो ते पाहायचं. थोडा दबणारच, नवी खडी बसत असते. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त दबला तर आकडा वहीत. तीन आठवड्यांनी, रविवारची शेवटची गाडी गेल्यावर, जॅक आणि मोजायचा डबा घेऊन त्याच आकड्यांपाशी परत जायचं, आणि जाता जाता चरात पाणी वाहतंय का तेही बघायचं.